करीमभायचा कान

रत्नागिरीच्या राजिवड्यात खाडीच्या अंगाला करीम सोलकरची पत्र्याची शेड होती. शेडवर पाटी नव्हती. पाटी दुकानाला लागते, हकिमाला लागत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि तो पंपांचा हकीमच होता. मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळणाऱ्याला आमच्याकडे डायव्हर म्हणतात. पंचवीस वर्षं करीमभायनं डायव्हर म्हणून इंजिनाच्या उशाशी बसून काढली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तो किनाऱ्यावर उतरला आणि लोकांचे पंप दुरुस्त करायला लागला. बागांचे, विहिरींचे, लाँचच्या तळातलं पाणी उपसायचे, सगळे पंप त्याच्याकडे यायचे.

त्याची तपासायची रीत ठरलेली. पंप चालू करायचा, हातभर लांब डिसमिस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं टोक पंपाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी आजूबाजूच्यांनी खोकलासुद्धा दाबून धरायचा. थोड्या वेळानं डोळे उघडून करीमभाय निकाल सांगायचा. "बेरिंग." नाहीतर, "विहिरीतल्या फुटवॉलमधी पाला अडाकलाय." एकदा तर एका बागायतदाराला सरळ म्हणाला, "पंपाला काय झाला नाय. विहिरीत पानी नाय." बागायतदार रागानं निघून गेला, विहिरीत डोकावला आणि दुसऱ्या दिवशी फणस घेऊन आला.

असा हा कान. तो गेला.

एका दिवसात नाही गेला. आधी चिमण्या गेल्या, मग सायकलच्या घंट्या, मग बायकोच्या बांगड्या. जाड आवाज शाबूत होते: लाँचचं इंजिन, एसटीचा हॉर्न, लाँचवाल्या फारुकशेठचा घसा. त्यामुळे बरेच दिवस करीमभायला स्वतःलाच पत्ता नव्हता. त्याला वाटलं, लोक जरा सभ्य झालेत, हळू बोलतात. खरा प्रकार लक्षात आला तेव्हा तो एकटाच शेडमध्ये बसून होता. समोर पक्कड खाली पडली आणि तिचा आवाज आला नाही. त्यानं ती उचलली, पुन्हा टाकली, पुन्हा उचलली. मग कुणाला काही न सांगता घरी जाऊन जेवला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. कान गेलेल्या हकिमाकडे कोण येणार? करीमभायनं मूठ आवळून धरली. पंप तपासताना तो डिसमिस कानाला लावायचाच, पण दुसरा हात हळूच पंपाच्या पाठीवर ठेवायचा आणि थरथरीवरून रोग ओळखायचा. जुने पंप आवाजालाही दणदणीत, त्यामुळे निभावून जात होतं. माणसांचं मात्र निभत नव्हतं. पंपाच्या पाठीवर हात ठेवता येतो, माणसाच्या किती वेळा ठेवणार? कुणी काही सांगितलं की तो समोरच्याच्या तोंडाचा अंदाज घ्यायचा आणि हसायचा किंवा मान हलवायचा. भाट्याच्या सुरूच्या बनात चहाची टपरी चालवणारा रावजी त्याचा जुना दोस्त. एकदा रावजी शेडवर आला आणि म्हणाला, "काल म्हस मेली रे." करीमभायनं हसून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चांगला झाला. आता जरा निवांत बस." रावजी पंधरा दिवस फिरकला नाही, आणि करीमभायला का ते कळलं नाही.

हेही एक वेळ चाललं असतं. सगळ्यात वाईट गोष्ट घरी होती. सकिनाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज मुळातच बारीक, त्यामुळे तो पहिल्या झटक्यातच गेला. आधी संध्याकाळी दोघं पडवीत बसायची. दिवसभरात राजिवड्यात जे जे झालं ते ती सांगायची आणि तो मध्येमध्ये हसायचा. आता ती बोलायला लागली की तो नजर चुकवायचा, कारण ती उत्तराची वाट बघायची. मग तो अंधार पडेपर्यंत शेडमध्येच राहायला लागला आणि पुसलेले पाने-पकडी पुन्हा पुसत बसायला लागला. घरी आला की जेवण, "हूं", आणि झोप.

सकिनानं याचा तिच्यापरीनं अर्थ लावला. त्यांची एकुलती मुलगी कनीज. करीमभायच्या मनात तिच्यासाठी रत्नागिरीतलं, हाकेच्या अंतरावरचं स्थळ होतं. सकिनानं हट्टानं गुहागरचं केलं. लग्न झालं आणि त्याच सुमाराला नवऱ्यानं बोलणं टाकलं. आता यात न समजण्यासारखं काय होतं? माणूस रागावलाय, मनात धरून बसलाय. तिच्या खाली गेलेल्या मानेवरून करीमभायला हे सगळं दिसत होतं. 'राग नाही गो' असं सांगावं, असं रोज वाटायचं. पण मग 'बोलत का नाही' याचं उत्तर द्यावं लागलं असतं. बायकोला आपला राग वाटला तरी चालेल पण बहिरेपण कळायला नको, असा हिशेब त्यानं मनाशी केला. त्याची लाज वाटत होती, तरी दोन वर्षं तोच चालवला. पुरुषाचा स्वाभिमान म्हणतात तो हाच असेल तर खाडीत सोडून द्यावा.

शहाऐंशीच्या जानेवारीत भाट्याच्या बनात एक पांढरी खोली येऊन उभी राहिली. खोलीला दोन चाकं होती आणि ती एका जीपगाडीमागे बांधून आणली होती. आत एक जर्मन नवरा-बायको राहत होते, गोव्याकडे निघालेले. झोपायला बाक, चूल, भांडी घासायला मोरी आणि मोरीवर इवलासा नळ, असा सगळा संसार त्या खोलीत मावला होता. रावजीनं त्यांची नावं विचारून घेतली आणि लगेच सोयीची करून टाकली. डीटरचा दत्तू झाला आणि उटेची उषा. त्या दोघांनी हरकत घेतली नाही, तेव्हा आपणही तीच वापरू.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नळाला पाणी येईना. खोलीच्या पोटाखाली पाण्याची टाकी होती, ती भरलेली होती. पंप पाणी वर चढवत नव्हता. रावजीची विहीर वीस पावलांवर. "बादलीनं घ्या की," असं त्यानं खुणांनी दहा वेळा सांगितलं. पण दत्तूला नळातूनच पाणी हवं होतं. काही माणसं अशी असतात. शेवटी रावजीनं छातीवर हात ठेवून अभय दिलं आणि तो सायकलवरून राजिवड्याला आला. म्हशीचं दुःख त्यानं तोवर गिळलं होतं.

"चल करीमभाय," तो नेहमीप्रमाणे ओरडूनच म्हणाला. "गोऱ्याचा पंप बिगाडलाय. मी सांगितलंय त्येला, आमच्याकडं असा कान हाय म्हनून."

करीमभायला यातलं 'पंप' आणि 'कान' एवढंच लागलं, पण तेवढं पुरे होतं. डिसमिस आणि पान्यांची पिशवी घेऊन तो निघाला.

बनात पोचला तर निम्मा गाव जमलेला. बायकासुद्धा आल्या होत्या, चाकावरची चूल बघायला. करीमभाय खोलीत शिरला आणि त्याला एक मजेची गोष्ट जाणवली. दत्तू आणि उषा हातवारे करून बोलत होते. नळ फिरवून दाखवला, रिकामा तळहात दाखवला, खांदे उडवले. रावजीसकट सगळे तसेच बोलत होते. इथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं! दोन वर्षांत पहिल्यांदा करीमभायला माणसांत उभं राहून घाम फुटला नाही. तोही हातवारे करायला लागला आणि भलता खुशीत आला.

पंप बाकाखाली होता. बाकाची फळी उचलली आणि करीमभाय बघतच राहिला. एवढासा, नारळाच्या करवंटीत बसेल असा, बॅटरीवर चालणारा. टाकीकडून एक नळी यायची, वाटेत काचेच्या वाटीसारखी गाळणी, मग पंप, मग नळाकडे दुसरी नळी. त्यानं खूण केली, चालू कर. दत्तूनं बटण दाबलं. करीमभायनं डिसमिस टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. दुसरा हात पंपावर ठेवायला त्या बोळात जागाच नव्हती.

काही नाही. चिडीचूप.

"बंद हाय," त्यानं डोळे उघडून सांगितलं. "मोटार जळली."

आता खरी गोष्ट अशी की पंप चालू होता. डासांचा थवा गुणगुणावा तसा बारीक आवाज करत तो धडधाकट फिरत होता आणि दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो आवाज ऐकू येत होता. पण करीमभायच्या कानानं बंद म्हटल्यावर आपल्या कानाला विचारतो कोण? एका बाईनं दबकत विचारलंच, "मग ह्यो गुनगुन आवाज कसला वो?" रावजी म्हणाला, "त्यो बॅटरीचा." सगळ्यांना पटलं.

एकट्या दत्तूला पटलं नाही. त्यानं स्वतःच्या कानावर दोनदा बोट आपटलं आणि मग पंपाकडे दाखवलं. रावजीनं कानाची कीर्ती सांगितलेली दिसतेय, असं करीमभायला वाटलं. त्यानं नम्रपणे मान लववली आणि पंपाच्या तारा सोडल्या.

अर्ध्या तासात त्यानं मोटार उघडून फडक्यावर मांडली. तांब्याची गुंडाळी लखलखीत. जळल्याचा वास नाही, काळा डाग नाही. आतले कार्बनचे ब्रश नवेकोरे. करीमभाय चक्रावला. मोटार जळली तर जळल्याची खूण हवी. त्यानं सगळं पुसून परत जोडलं आणि पंप तसाच हातात धरून दत्तूला खूण केली, दाब.

त्याच्या मुठीत पंप थरथरला. पकडलेला टोळ थरथरतो तसा.

करीमभायनं दत्तूला बंद करायला सांगितलं, मग चालू. बंद, चालू. थरथर येत होती आणि जात होती, कानात मात्र एक टिंबसुद्धा नव्हतं. तेव्हा त्याला कळलं की हा पंप सकाळपासून चालूच होता, आणि दारातल्या प्रत्येकाला ते ऐकू येत होतं.

त्यानं वर बघितलं. कुणीही हसत नव्हतं. उलट रावजी छाती फुगवून दत्तूला सांगत होता, "बगितलास? मेलेला पंप जिवंत केलान." माणसं माना डोलावत होती. नळ सोडून बघितला, पाणी आलं नाही, पण त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. निम्मं काम झालं, निम्मं होईल.

म्हणजे झाकलेली मूठ अजून झाकलेलीच होती. करीमभायनं सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. तो टाकता आला नाही. आज चांगल्या पंपाला मेलेला म्हणालो. उद्या फारुकशेठच्या लाँचमधला एखादा मेलेला पंप चांगला म्हणालो तर? लाँचवर आठ माणसं असतात. तळात पाणी भरायला लागलं तर त्यांनी कुणाच्या कानाला विचारायचं? आणि ही माणसं अशी की करीमभाय म्हणाला म्हणून आपल्या डोळ्यांदेखत चढणारं पाणीसुद्धा मानणार नाहीत. "जेवून येतो," असं तोंडानं आणि हातानं सांगून तो बाहेर पडला.

घरी सकिनानं ताट वाढलं. बांगड्याचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती. ती काहीतरी म्हणाली. तो सवयीनं "हूं" म्हणाला. ती वळली. तिच्या चेहऱ्यावर ना राग ना रुसवा. विचारायचं म्हणून विचारलं आणि उत्तर येणार नाही हे ठाऊकच होतं, असा तो चेहरा. करीमभायनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"सकिना," तो म्हणाला. "मना आयकू येत नाय."

ती थांबली. तिचे ओठ हलले.

"आता तू काय बोललीस ता पन नाय आलं," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. तुजा तर कायच येत नाय."

सकिना त्याच्या अगदी जवळ येऊन बसली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "कदीपासून?"

हा आवाज पोचला. बारीकच, लांबून आल्यासारखा, पण तिचा. "कनीजच्या लग्नापासून," तो म्हणाला.

तिनं पदर तोंडाला लावला. काही वेळ तिचे खांदे हलत होते. ती रडते की हसते हे करीमभायला कळेना, आणि ऐकून कळायची सोय नव्हती. मग तिनं पदर काढला, तर ती भयंकर चिडलेली. तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, मग दुसरी. त्याच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला आणि बोटानं खूण केली, जेवा आधी.

जेवता जेवता त्यानं बनातली हकिकत सांगितली. ती त्याच्या कानाशी आली. "पंप चालू होता?"

"होता. मी मेला म्हनून सांगितला."

"मग पानी का नाय आलं?"

"ता आयकल्याबिगर कसा कळनार?"

सकिनानं ताट उचललं, हात धुतले, डोक्यावरून पदर सारखा केला आणि कोपऱ्यातला डिसमिस उचलून दारात जाऊन उभी राहिली.

चारच्या सुमाराला दोघं बनात पोचली. रावजीनं टपरीवरूनच विचारलं, "वैनीला पन गाडी दाखवायला आनलीस काय?"

"कान आनलाय," करीमभाय म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आवाज किती मोठा झाला याचा त्याला अंदाज नव्हता, त्यामुळे ते पार किनाऱ्यापर्यंत गेलं. "माजा कान गेलाय. दोन वर्सं झाली. सकाळी पंप चालू होता. मनाच आयकू आला नाय. तुमाला सगल्यांना येत होता आनि तुमी गप बसलात, ता पन बरा नाय केलात."

रावजीच्या हातातलं चहाचं भांडं तसंच राहिलं. तो करीमभायच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला आणि एकेक शब्द सोडत म्हणाला, "म्हंजे माजी म्हस मेली, त्या टायमाला..."

"कुठली म्हस?" करीमभायनं विचारलं.

रावजी बाकड्यावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. म्हशीच्या नावानं तो पहिल्यांदाच हसत होता. "मेल्या," तो म्हणाला, "मी तुजं तोंड बगनार नव्हतो."

खोलीत दत्तूनं थोडा संशय धरला होता. सकाळी चांगली मोटार उघडणारा माणूस आता बायकोला घेऊन आला होता. पण उषानं सकिनाचा हात धरून तिला आत घेतलं आणि तो प्रश्न मिटला. पंप चालू झाला. सकिना गुडघ्यांवर बसली, डिसमिसचं टोक पंपावर आणि मूठ कानाला. तिनंही डोळे मिटले. ते मिटायचे असतात हे तिला नवऱ्याचं बघूनच ठाऊक होतं.

"काय म्हनतो?" करीमभायनं विचारलं.

तिनं डोळे उघडले. पंपाचं ऐकलेलं कसं सांगायचं ते तिला माहीत नव्हतं, पण पेज प्यायलेल्या माणसाला त्याची काय गरज? ती त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "पेजेचा वाडगा तोंडाला लावून खालचा घोट वडतात ना, तसला. सुर्र."

"भरल्यासारका नाय?"

"नाय. पेज कमी नि वारा जास्त."

करीमभायचा चेहरा उजळला. बायकोनं एका वाक्यात रोग सांगितला होता. पंप पाणी ओढायच्या ऐवजी हवा ओढत होता. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी बारीक फट होती, पाणी बाहेर न सांडणारी पण हवा आत घेणारी. तिनं नळीवर पुढे पुढे डिसमिस टेकवून बघितला. गाळणीपाशी सुर्र मोठं झालं, टाकीच्या बाजूला नाहीसं झालं.

पुढचं काम डोळ्यांचं होतं. लाँचवर तेलाच्या नळीत हवा शिरली की करीमभाय सांध्यापाशी बिडीचा धूर सोडायचा आणि धूर कुठं ओढला जातो ते बघायचा. पण बिडी सकिनानं पाच वर्षांपूर्वी सोडवली होती, आणि आत्ता मागायची ही वेळ नव्हती. तो विचार सोडून त्यानं रावजीकडं उदबत्ती मागितली. रावजीनं टपरीतल्या दत्ताच्या तसबिरीपुढची पेटती उदबत्तीच आणून दिली. खिडक्या लावून घेतल्या. सकिनानं उदबत्ती गाळणीच्या बाजूनं हळूहळू फिरवली. धूर सरळ वर चढत होता. काचेच्या वाटीच्या मागच्या अंगाला आला आणि एकदम वाकून वाटीच्या कडेत शिरला.

"थितं," करीमभाय म्हणाला. दत्तूनं जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं. तेही बहुधा तेच असावं.

वाटी फिरवून उघडली. आत बसणारी रबरी चकती उन्हानं कडक होऊन एका ठिकाणी तडकली होती. तडा केसाएवढा. करीमभायनं पिशवीतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढला, चकतीच्या मापानं कात्रीनं कापला, खोबरेल लावून बसवला आणि वाटी आवळली. बटण दाबलं. नळ दोनदा ठसकला, थुंकला आणि वाहायला लागला.

उषानं टाळ्या वाजवल्या. सकिनानं लगेच पुन्हा डिसमिस लावून ऐकलं आणि नवऱ्याकडं बघून मान हलवली. भरल्यासारखा. उषानं त्या नळाच्या पाण्याची कॉफी करून दोघांना दिली. ती इतकी कडू होती की सकिनानं डोळे मिटून एका दमात संपवली, औषध घेतात तशी.

परतताना करीमभायला हलकं वाटत होतं. बनातली बातमी आपल्या आधी राजिवड्यात पोचणार आणि रात्रीपर्यंत फारुकशेठच्या कानावर जाणार, हे त्याला माहीत होतं. उद्या सकाळी स्वतःच जाऊन शेठला सांगायचं आणि डिसमिस धरायला सकिना येईल हेही सांगायचं, असं त्यानं ठरवलं. शेठ काय म्हणेल ते म्हणेल. चुकीचं सांगून लाँच समुद्रात पाठवण्यापेक्षा ते बरं.

दिवस मावळायला अजून वेळ होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तो शेडकडे न वळता सरळ पडवीत येऊन बसला. सकिना त्याच्या उजव्या अंगाला बसली. इंजिन कायम डाव्या हाताला असायचं, त्यामुळे उजव्या कानात थोडा जीव उरला होता. तिनं तोंड त्या कानाशी नेलं.

"काय सांगू?"

"सगला," तो म्हणाला. "पयल्यापासून सांग."

सकिना म्हणाली, "कनीजला पाठवली त्येच्या दुसऱ्या दिवशी तुमी हितंच बसला होतात. मी म्हनले, माजा हट्ट झाला, पोरीला लांब दिली, मना माफ करा. तुमी खाडीकडं बगत राह्यलात. मी परत म्हनले. तुमी उठून शेडवर गेलात."

करीमभायला तो दिवस चांगला आठवत होता. खाडी भरलेली होती आणि लग्नाच्या गडबडीनंतर फार शांत वाटत होतं. त्या शांततेसाठी तो जरा वेळ जास्तच बसला होता. शेजारी बायको माफी मागत होती.

"दोन वर्सं तू हाच धरून बसलीस?" त्यानं विचारलं.

"मग काय करनार?"

त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. राजिवड्यात असं भर पडवीत कुणी करत नाही. "मना राग नव्हताच गो," तो म्हणाला. "एक दिस पन नव्हता. पोरगी सुखात हाय थितं. तू बरा केलास."

सकिना रडली. या वेळी ती रडतेय हे त्याला न ऐकता कळलं. तिला रडू दिलं, आणि तोही थोडा रडला. मग तिनं पदरानं नाक पुसलं, पुन्हा त्याच्या कानाशी आली आणि त्याच आठवड्यात शेजारच्या हलिमाबीच्या बकरीनं आपलं अळू कसं खाल्लं आणि वर हलिमाबीच कशी भांडली ते सांगायला लागली. ते सांगताना तिचा आवाज इतका चढला की कुंपणापलीकडून हलिमाबी ओरडली, ते तसं झालं नव्हतं. करीमभायला ते काही ऐकू आलं नाही. सकिनानं सांगितलं.